केबलचं बिल वाढलं? आधी बॉक्ससमोर मोबाईल नंबर कुणाचा लागलाय ते बघा

तुमची पोस्ट वाचली. घरात दोन टीव्ही (दुसरा आजींच्या खोलीत), दिवाळीपर्यंत केबलचे महिन्याला ४४० रुपये, आता ५७० मागतायत, पावती नाही, आणि विचारलं तर "वरून वाढलंय" एवढंच उत्तर. हे दुखणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चॅनेल कसे निवडायचे वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडून देतो. हे सगळं केबलबद्दल आहे. डीटीएचमध्ये महिन्याला दारात येणारा वसुलीवाला नसतो, त्यामुळे तिथे यातलं निम्मं लागू नाही.

केबलवाल्याशी भांडायच्या आधी एक काम करा. कंपनीच्या (म्हणजे एमएसओच्या, ज्याचं नाव बॉक्स सुरू होताना पडद्यावर येतं) नोंदीत तुमच्या बॉक्ससमोर कुणाचा मोबाईल नंबर लागलाय ते शोधा. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची (दूरसंचार आणि केबलवर देखरेख ठेवणारी सरकारी नियामक संस्था) नवी दरपद्धत लागू झाली, तेव्हा पॅक घाईघाईत भरले गेले आणि बऱ्याच घरांच्या नावापुढे केबलवाल्याचा किंवा वसुलीच्या पोराचाच नंबर पडला. मग ओटीपी त्याला जातो, पॅक बदलल्याचा मेसेज त्याला जातो, मुदत कधी संपते तेही त्यालाच कळतं. तुम्ही ॲपवर लॉगिनसुद्धा करू शकत नाही. मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच: दर जास्त आहे म्हणून महिनोन्महिने वाद घालणं, आणि बॉक्सवर प्रत्यक्षात कोणता पॅक चालू आहे हे एकदाही न बघणं.

रिमोटवर मेनू, सेटिंग, मग सिस्टीम इन्फो किंवा एसटीबी इन्फो. तिथे व्हीसी नंबर, म्हणजे बॉक्समधल्या कार्डाचा क्रमांक, मिळेल. बिनकार्डाचा बॉक्स असेल तर व्हीसीऐवजी चिप आयडी किंवा सिरीयल नंबर असतो, तो बॉक्सच्या खालच्या स्टिकरवरही छापलेला असतो. दोन्ही बॉक्सचे फोटो काढून ठेवा. मग कंपनीच्या ग्राहक सेवेला स्वतः फोन करून (केबलवाल्यामार्फत नाही) नंबर बदलून घ्या. ते ओळखपत्र आणि कॅफ, म्हणजे जोडणी घेताना भरलेला अर्ज, मागतील. कॅफची प्रत ग्राहकाला मिळायला हवी असा नियम आहे, पण ती कुणाकडे सापडत नाही. नसेल तर नवीन भरून द्या आणि त्याची प्रत लगेच मागून घ्या.

नंबर बदलला की ॲपवर चालू पॅकची यादी, त्यांची किंमत आणि मुदतीची तारीख दिसेल. हा आकडा आणि तुम्ही देता तो आकडा शेजारी शेजारी मांडा. बिल फुगण्यामागे बहुधा दोनपैकी एक कारण असतं: बॉक्सवर स्वस्त पॅक आहे आणि वसुली महागाची होते, किंवा दुसऱ्या टीव्हीवर पहिल्याचाच पूर्ण पॅक जसाच्या तसा चढवलेला आहे.

हे दुसरं कारण फार घरांत असतं, म्हणून हिशोबच करून दाखवतो. समजा एनसीएफ (चॅनेलच्या किमतीशिवाय नुसत्या जोडणीचं महिन्याचं शुल्क) १३० आणि पैसे देऊन घेतलेले चॅनेल १५० रुपयांचे. झाले २८०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३३०.४०. पैशाचे चॅनेल प्रत्येक टीव्हीला वेगळे आकारले जातात. दुसऱ्या टीव्हीचा एनसीएफ पहिल्याच्या ४० टक्के धरला तर ५२, आणि तेच १५० पुन्हा, म्हणजे २०२. करासह २३८.३६. एकूण ५६८.७६. आता दुसऱ्या टीव्हीवर आजी बघतात तेवढेच चॅनेल, ४० रुपयांचे, ठेवा: ९२ अधिक कर, १०८.५६. एकूण ४३८.९६. म्हणजे महिन्याला १२९.८० रुपये फक्त दुसऱ्या खोलीत कुणी न बघितलेल्या चॅनेलचे. दोन टीव्हींना दोन वेगळे पॅक मिळतात. केबलवाला "सिस्टीममध्ये होत नाही" म्हणाला तर कंपनीकडूनच करून घ्या.

"वरून वाढलंय" हे कधीकधी खरंही असतं, हे मान्य करायला हवं. पूर्वी १३० रुपयांत २०० चॅनेल आणि त्यापुढे कमाल १६० अशी एनसीएफची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती काढली. जोडणी, भेट, जागा बदलणं, तात्पुरतं बंद ठेवणं यांच्या शुल्कांचंही तेच. कंपनीने दर जाहीर करायचे एवढंच बंधन उरलं. माझ्या मते ग्राहकाच्या हातातलं एकमेव धड हत्यार त्या दिवशी गेलं. म्हणून आता "एवढे घेता येत नाहीत" या वादात शिरू नका, त्यात हराल. "तुमच्या जाहीर दरपत्रकात हा आकडा कुठे आहे ते दाखवा" एवढंच विचारा, आणि लेखी विचारा.

पॅकमधून चॅनेल काढताना एक खड्डा आहे. बुकेमधला, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या चॅनेलच्या गठ्ठ्यातला, एक चॅनेल काढता येत नाही, अख्खा बुके काढावा लागतो आणि हवे ते सुटे घ्यावे लागतात. उदाहरणार्थ बुके ४९ चा असेल आणि त्यातले १९ आणि १२ चे दोनच बघत असाल, तर सुटे ३१ ला पडतात. तिसरा १९ चा हवा झाला की ५०, मग बुकेच बरा. एचडी घेतल्यावर त्याच चॅनेलचा एसडी दुसऱ्या बुकेत राहिला नाही ना, तेही तपासा. दोन्हींचे पैसे जात असतात.

आता तक्रारीबद्दल. थेट ट्रायला पत्र पाठवून वाट बघत बसू नका. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार निकाली काढत नाही, ती कंपनीकडे पाठवते. कंपनीचं तक्रार केंद्र तर "आपल्या केबल ऑपरेटरशी संपर्क साधा" असं लिहून काही तासांत तक्रार बंद करून टाकतं. मी ज्या कार्यालयाच्या तोंडी लागलो (नाव घेत नाही) तिथे हेच वाक्य लिहून तीन वेळा तक्रार बंद झाली. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडेच ग्राहकाला परत पाठवायचं! अजूनही याचा संताप येतो. तेव्हा बंद झाल्याचा मेसेज आला तरी तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि तोच क्रमांक लिहून कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रार केंद्राच्या वरचा तक्रार अधिकारी) ईमेल करा. त्यात बॉक्स क्रमांक, ॲपवरच्या पॅकचा फोटो, तुम्ही भरलेली रक्कम आणि तारीख, फरकाचा आकडा, आणि मागणी: फरक परत द्या किंवा पुढच्या महिन्यांत वळता करा. लांबलचक कैफियत नको. तरीही हललं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. (मी वकील नाही, फरक मोठा असेल तर जाणकाराला विचारून घ्या.)

यासाठी पुरावा हवा, म्हणून या महिन्यापासून रोख देणं थांबवा. यूपीआयने द्या आणि टिपेत बॉक्स क्रमांक नि महिना लिहा.

केबलवाल्याची बाजूही सांगतो, कारण सगळा राग त्याच्यावर निघतो. वेगळा करार नसेल तर एनसीएफ कंपनी आणि केबलवाल्यात ५५:४५ असा वाटला जातो. १३० मधले त्याला साडेअठ्ठावन्न. त्यातून वायर, वसुलीचा माणूस, पावसात खांबावर चढणं. ३३०.४० चे ३५० तो का करतो ते यावरून कळतं. चूकच आहे, पण तोंडी सांगून सुटण्यासारखी आहे.

जाता जाता: तुम्ही सगळं सोडून डीडी फ्री डिशवर जायचं म्हणताय. महिन्याचं शुल्क नाही हे खरं. पण तिथल्या खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि १ एप्रिलला यादी बदलू शकते. आजींची मालिका ज्या चॅनेलवर लागते तो आज त्या यादीत आहे का, ते डिश बसवायच्या आधी बघा. आणि केबल खरंच सोडलीत तर बॉक्स नुसता कपाटात ठेवू नका. दोन्ही क्रमांक बंद केल्याचा मेसेज तुमच्या मोबाईलवर येईपर्यंत पाठपुरावा करा, नाहीतर सहा महिन्यांनी थकबाकीचा कागद दारात येतो.