बादली उभ्या वर्तुळात फिरवली, तर ती उलटी झाल्यावर पाणी का सांडत नाही?

वेग पुरेसा असेल तर सर्वांत वरच्या बिंदूशीही पाणी खालीच येत असते, परंतु बादली त्याहून लवकर खाली वळत असल्यामुळे तळ पाण्याला ढकलत राहतो आणि ते बाहेर पडू शकत नाही. गुरुत्व त्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की त्या बिंदूशी लागणारा किमान वेग मिळतो. खांद्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर १ मीटर धरल्यास तो सेकंदाला सुमारे ३.१ मीटर, म्हणजे साधारण दोन सेकंदांत एक फेरा, इतका येतो. वस्तुमान समीकरणातून निघून जाते, त्यामुळे तांब्याभर पाण्यालाही (हात तेवढाच लांब असेल तर) हाच वेग लागतो. अपकेंद्री बल (फिरताना केंद्रापासून बाहेर ढकलल्यासारखे जाणवणारे बल) पाण्याला तळाशी दाबते, हे नेहमीचे स्पष्टीकरण मात्र बादलीबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकापुरतेच खरे आहे.