उरलेल्या इंजेक्शनांचं काय करायचं?

प्रश्न : पहिली आयव्हीएफ सायकल झाली. फ्रिजमध्ये एफएसएचची (अंडी वाढवणाऱ्या हॉर्मोनच्या इंजेक्शनची) दोन सीलबंद पेनं आणि एक अर्धवट वापरलेलं उरलंय. चार महिन्यांनी पुढचं बघू, असं डॉक्टर म्हणालेत. ठेवू का? (नाशिक)

अर्धवट पेनाचा मोह सोडा. काचेतून औषध दिसत असलं तरी बहुतेक रेडीमेड पेनं पहिल्या टोचणीनंतर २८ दिवसच चालतात. (पेन उघडलं त्या दिवशीच खोक्यावर तारीख घालायची सवय लावा.) सीलबंद पेनं मात्र एक्स्पायरीपर्यंत ठेवता येतील, २ ते ८ अंशांत. काही ब्रँडची बंद पेनं २५ अंशांखाली तीन महिने बाहेरही चालतात, पण एप्रिलमधल्या स्वयंपाकघरात २५ अंश कुठून आणणार? दाराच्या कप्प्यात ठेवू नका, दिवसातून वीस वेळा दार उघडतं. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवूनही नको. तिथे औषध गोठतं, आणि एकदा गोठलेलं पेन नंतर कितीही स्वच्छ दिसलं तरी बाद. झाकणाच्या डब्यात घालून मधल्या कप्प्यात ठेवा.

आणि आधी एक विचारून घ्या : तुमचे गर्भ गोठवून ठेवलेत का? असतील तर पुढची पायरी बहुधा ते गर्भाशयात सोडण्याची. त्याला एफएसएच सहसा लागत नाही. पेनं सांभाळायची की नाही, हे त्यावरच ठरेल.

प्रश्न : माझ्या नणंदेचीही ट्रीटमेंट सुरू होतेय. इंजेक्शनं तिला देऊ का? व्हॉट्सॲप ग्रुपवर तर लोक निम्म्या किमतीत विकतात. (पुणे)

विकायचा विषयच नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार परवान्याशिवाय औषध विकता येत नाही. घेणाऱ्याने तर लांबच राहावं, कारण ते खोकं वाटेत किती तास उन्हात होतं हे कुणालाच माहीत नसतं.

नणंदेलाही परस्पर देऊ नका. तुमचा डोस तुमच्या वयावर, एएमएचवर (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), सोनोग्राफीवर ठरला होता. तिला पीसीओएस (अंडाशयांचा एक हॉर्मोनचा त्रास) असेल तर तोच डोस जास्त होऊ शकतो. मग अंडाशय सुजतात, पोटात पाणी होतं, कधी थेट ॲडमिट व्हावं लागतं. लेट्रोझोलच्या (अंडी वाढवणाऱ्या) गोळ्यांचंही तेच, गोळी आहे म्हणून सौम्य समजू नका. पैसे वाया जातात याचं वाईट मलाही वाटतं. म्हणून पुढच्या वेळी चार-चार दिवसांचीच इंजेक्शनं लिहून मागा. डोस मध्येच बदलतो आणि उरतं ते त्यामुळेच.

प्रश्न : टाकायची कशी? बेसिनमध्ये ओतू का? (लातूर)

नको. वापरलेल्या सुया आणि मुदत संपलेली औषधं २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, म्हणजे ओल्या-सुक्यात मिसळायची नाहीत. सुया डिटर्जंटच्या जाड प्लास्टिक बाटलीत टाका, झाकणाला चिकटपट्टी लावा आणि क्लिनिकलाच परत घेता का विचारा. उघड्या पिशवीतली सुई घंटागाडीवरच्या ताईंच्या हातात घुसते. उरलेली पेनं आणि गोळ्याही वेगळ्या पाकिटात, तिथेच.

प्रश्न : टेस्ट पॉझिटिव्ह आली! प्रोजेस्टेरॉनच्या (गर्भ टिकायला देतात त्या) वीस कॅप्सूल उरल्यात, आता टाकून देऊ? (ठाणे)

अभिनंदन! पण त्या उरलेल्या नाहीत, चालू आहेत. डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत एकही चुकवू नका.