सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटराष्ट्रात तृतीयपंथीयांना मान आहे, मग समलिंगी जोडप्याला तिथे राहायला अडचण काय?

अडचण फौजदारी कायद्याची आहे.

फाअफाफिने, म्हणजे जन्माने पुरुष पण बाईसारखं जगणारी माणसं, सामोआत घरात, चर्चमध्ये, कचेऱ्यांत उघडपणे वावरतात. तुइलाएपा साइलेले पंतप्रधान असताना सामोआ फाअफाफिने असोसिएशनचे आश्रयदाते होते आणि समलिंगी विवाहाला त्यांचाच ठाम विरोध होता. २०१३ च्या गुन्हे कायद्याने पुरुषाने बाईच्या वेषात वावरण्याविरुद्धचं १९६१ चं जुनं कलम काढलं, पण कलम ६७ ठेवलं: दोन सज्ञान पुरुषांचा संबंध संमतीचा असला तरी ५ वर्षांपर्यंत कैद. अशा संबंधांसाठी जागा चालवणाऱ्याला कलम ७१ खाली ७ वर्षं. त्याच वर्षीच्या कामगार कायद्याने मात्र लैंगिक कलावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. म्हणजे ज्या कारणासाठी मालक कामावरून काढू शकत नाही, त्याच कारणासाठी खटला भरता येतो.

‘परंपरेनेच मान दिलाय, हक्क कशाला हवेत?’ हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. तो मान घरातल्या भूमिकेला असतो, म्हाताऱ्यांचं करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या माणसाला असतो. जोडीदारासोबत संसार मांडायचा म्हटलं की तो आटतो. शिवाय ही कलमं परंपरेतली नाहीतच, ती ब्रिटिश कायद्यातून न्यूझीलंडमार्गे आली. न्यूझीलंडने स्वतःची १९८६ मध्ये रद्द केली, कुक बेटांवर ती २०२३ पर्यंत टिकली. टोंगात आजही १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

लग्न करायचं असेल तर न्यूझीलंडला जा. ऑगस्ट २०१३ पासून तिथे समलिंगी विवाह होतात, नागरिकत्वाची अट नाही. अर्ज केल्यावर साधारण तीन दिवसांनी परवाना मिळतो, तो तीन महिने चालतो, दोन साक्षीदार लागतात. ताहितीत फ्रेंच कायद्याने आणि हवाईतही लग्न होतं. त्या दाखल्याला सामोआच्या राजधानीत, आपिआत, किंमत नाही, भारतातही नाही.

हेही सांगायला हवं की संमतीच्या संबंधांवरून सामोआत खटले सहसा भरले जात नाहीत, आणि दोन बायकांच्या संबंधांना ही कलमं लागू नाहीत. रोजच्या जगण्यात पोलिसांपेक्षा गावच्या फोनोचा, म्हणजे पंचायतीचा, धाक मोठा. सुमारे ८० टक्के जमीन पारंपरिक मालकीची, मताईंच्या, म्हणजे कुटुंबप्रमुखांच्या, ताब्यातली, आणि फोनो माणसाला गावाबाहेर काढू शकतो. त्यामुळे घर आपिआत, खासगी मालकीच्या जमिनीवरचंच भाड्याने घ्या.