लघवीचं आवर्जून विचार

प्रिय डॉक्टर (आता तुला अशीच हाक मारायला हवी),

प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालीस, छान झालं. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांच्या पोरांची रांग लागेल. त्यातच एखादं टाइप वन डायबेटिसचं पोर असेल, आणि ते काही कपाळावर लिहिलेलं नसतं.

पोटात दुखतंय, उलट्या होतायत, धाप लागलीय, पण छाती साफ. डोळे खोल गेलेत, जीभ सुकलीय, आणि आई म्हणते, "लघवी मात्र सारखी होतीय." तिथेच थांब. अंगातलं पाणी आटलं की लघवी कमी व्हायला हवी. ती कमी होत नसेल तर साखर अंगातलं पाणी ओढून नेतेय. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीत उतरू लागते. लगेच बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघ. तोवर "अशक्तपणा आलाय, ग्लुकोज लावा" असं कुणी कितीही म्हटलं तरी ग्लुकोजची सलाईन लावू नकोस. साखर २०० च्या वर असेल तर लघवीतले कीटोन (साखर वापरता येईना की चरबी जळून बनणारे आम्ल पदार्थ) तपास आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठव. श्वास खोल चालत असेल, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल, तर १०८ आधी बोलाव, कागद मागाहून.

खरं तर पोर आधीच्या काही आठवड्यांतच सापडायला हवं. सुटलेली सवय परत लागून अंथरूण ओलं होतं, रात्री उठून तांब्याभर पाणी पितं, खाऊनही सदरा ढिला होतो, लघवी केलेल्या जागेवर मुंग्या जमतात. आया हे आपणहून सांगत नाहीत.

"गोड जास्त खाल्लं म्हणून का?" हे हमखास विचारतील. नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारते. हे लक्षणांच्या कित्येक महिने, कधी वर्षं आधी सुरू झालेलं असतं. आनुवंशिक कल असतो, काही विषाणूंवर संशय आहे. पण एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. सासू सुनेच्या माहेरावर घसरायच्या आत दोघींना समोर बसवून हे सांग.

कारल्याचा रस, गोळ्या यांवर हे भागत नाही, इन्सुलिनचं इंजेक्शनच लागतं. १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसन या मुलाला पहिल्यांदा ते मिळालं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. "इंजेक्शन किती दिवस?" असं बाप विचारेल. रोज आणि कायमचं, हे पहिल्याच दिवशी सांग.

आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची एक्स्पायरी आजच बघ. डबी उघडी राहिली तर दमट हवेत त्या खराब होतात.

तुझे सर