वॉरंटी संपताच डीसीटी बसला? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे करा

चाळीसगावच्या दादांनी लिहिलंय की ३ वर्षांची वॉरंटी संपून महिना होत नाही तोच कन्नड घाटात डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तापल्याचा इशारा आला. आता रिव्हर्स, २, ४, ६ पडत नाहीत आणि सर्व्हिस सेंटर अख्खी असेंब्ली बदला म्हणतंय.

दादा, लगेच हो म्हणू नका. ड्राय (तेलात न बुडणाऱ्या) क्लचच्या ७ स्पीड डीसीटीत साधारणपणे एक क्लच १-३-५-७ सांभाळतो, दुसरा २-४-६ आणि रिव्हर्स. एकाच बाजूचे सगळे गिअर एकदम गेले, तर संशय आधी त्या क्लचवर किंवा तो दाबणाऱ्या-सोडणाऱ्या ॲक्च्युएटरवर, नाहीतर मेकॅट्रॉनिकवर (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटवर) घ्यायचा. अख्ख्या असेंब्लीचं कोटेशन देणाऱ्याला विचारा, कोणत्या एरर कोडवरून ठरवलं?

स्कॅन रिपोर्ट कोड पुसायच्या आधी छापून घ्या. नुसता पी०७०० दाखवला तर मानू नका, तो फक्त 'ट्रान्समिशनकडे बघा' एवढाच निरोप. खरे कोड टीसीएममध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. १२ व्होल्टची बॅटरीही तपासा. ती कमजोर असली की भलतेच कोड येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वॉरंटीतली सगळी जॉब कार्डं काढा आणि 'ग्राहकाची तक्रार' हा रकाना वाचा. माझी गाडी तापल्यावर १ मधून २ मध्ये जाताना थरथरते, असं मी ज्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला सांगितलं, तिथल्या ॲडव्हायझरनं 'डीसीटीला एवढं नॉर्मल आहे' म्हणत 'जनरल चेकअप' लिहिलं. पुढे गुडविल क्लेम (वॉरंटी संपल्यावर कंपनीकडे मागितलेली सवलत) फेटाळताना कारण दिलं, 'वॉरंटी काळात तक्रारीची नोंद नाही'. अजून संताप होतो. ग्राहकानं सांगितलेलं ग्राहकाच्याच शब्दांत लिहायला काय जातं यांचं? ज्यांची वॉरंटी चालू आहे त्यांनी लक्षण, किलोमीटर, 'गरम असताना' हे शब्द लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.

नोंद सापडली तर तिचा फोटो जोडून डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा. पार्ट कंपनीचा, मजुरी आपली, एवढ्यावर तरी बोलणं सुरू होतं. खोलायची परवानगी लेखी द्या आणि जुने पार्ट परत हवेत हे त्यातच लिहा. मी वकील नाही, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जिल्हा ग्राहक आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. पार्ट भंगारात गेला तर तपासणार काय? तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावला करता येते, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

नवा क्लच बसला की स्कॅनरवर ॲडॅप्टेशन (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला नव्या क्लचची ओळख करून देणं) करावंच लागतं, नाहीतर तीच थरथर परत येते. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात, चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. रांगेत इंच-इंच सरकण्यापेक्षा पुढे जागा होऊ द्या, मग एकदम घ्या. (सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकवाल्यांना क्लचचं हे गणित लागू नाही.)

पैसे भरण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा आणि रिव्हर्स चढावरच टाकून बघा.