दिवसभर बातम्या, रात्री डोकं रिकामं

प्रश्न : राजारामपुरीत माझं किराणा दुकान आहे. हातात मोबाईल, आठ-दहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दुकानात टीव्हीवर चर्चा चालूच. रात्री बायको विचारते आज काय झालं, तर धड सांगता येत नाही, वर डोकं जड. बातम्या बंदच करू का?

उत्तर : दादा, बंद नका करू, वेळ ठरवा. सकाळी दुकान उघडायच्या आधी वीस मिनिटं पेपर, त्यातही कोल्हापूरची पानं आधी, कारण पाणी कुठं येणार नाही, कुठला रस्ता बंद, गुळाचा भाव काय हे तिथंच मिळतं. संध्याकाळी सातला सह्याद्रीच्या बातम्या. दुपारची ती चर्चा मात्र बंदच करा, चार माणसं एकमेकांवर ओरडतात आणि नवीन माहिती काहीच मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेपर एकच नको. ऊसदराचंच बघा, एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, तो केंद्र सरकार ठरवतं आणि ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, एवढं माहीत असलं की एका पेपरात कारखान्याची बाजू आणि दुसऱ्यात शेतकरी संघटनेची आली तरी कोण काय गाळतंय ते लगेच कळतं. दोन पेपर परवडत नसतील तर आठवड्यातनं एकदा करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसा, 1850 सालचं वाचनालय आहे आपलं.

आता ग्रुपचं. मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला आमच्या गल्लीच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, पाणी शहरात शिरणार, आणि शेजारच्या काकू धान्याची पोती माळ्यावर चढवायला लागल्या. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेलं माणूस घाबरणारच की. पण व्हिडिओवर तारीख नव्हती, वर दोन बाणांची खूण, म्हणजे कुठनं कुठनं फिरून आलेला. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. आपण बघायची ती राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी, 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका. त्या रात्री ती तीसच्याही आत होती, काकूंना आकडा दाखवला तेव्हा कुठं त्या खाली बसल्या.

ग्रुप म्यूट करा. पावसाळ्यात प्रशासनानं जाहीर केलेला बंधाऱ्याचा आकडा तेवढा रोज बघा आणि दुकानाच्या फळीवर खडूनं लिहा, गिऱ्हाईकं पण बघतील.