नव्यानं बाबा होणाऱ्या मित्रासाठी
अरे अभिनंदन! तू विचारलंस की पहिलं बाळंतपण माहेरी, बायको साताऱ्याला नि तू हिंजवडीत, मग करायचं काय. पहिलं म्हणजे शनिवार-रविवारी पाहुण्यासारखा जाऊ नकोस, सासूबाई चहा-पोहे आणून देतील, जावई म्हणून बसवतील, तू उठायचं आणि दुपटी धुवायला घ्यायची, थोडं अवघडल्यासारखं होईल पण दोन-तीन खेपांत सगळ्यांना सवय होते. दूध पाजणं सोडलं तर ढेकर काढणं, लंगोट, अंघोळ सगळं बापाला जमतं, हात बसायला लागतो एवढंच.

आणि 'मदत करतो' हे डोक्यातून काढ. एक काम अख्खं घे, उदाहरणार्थ लसीकरण, म्हणजे ६, १०, १४ आठवड्यांच्या तारखा, कार्ड, दवाखाना, रात्री ताप आला तर जागणं, सगळं तुझं, तिनं आठवण करायची वेळच येऊ नये. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २९९ मिनिटं जातात, तसं काम करणाऱ्या पुरुषांची ९७, ही दरी मला खरंच छळते रे.

रजेचं आत्ताच एचआरला विचार. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात, खासगीत तसा कायदा नाही, कंपनीच्या पॉलिसीवर आहे. टीममधले टोमणे मारतील, मारू देत. सगळी रजा एकदम संपवू नकोस, ती पुण्यात परत येईल तेव्हासाठी थोडी ठेव, तेव्हा आजी नसते आणि खरी धांदल तेव्हाच उडते.